चौथी ओळ

माझ्या ब्लॉगवर पहिली झडती पडली आणि त्यानंतर दोन वर्षं कोरडी गेली. मुलगी म्हणायची, बाबांना सुचत नाही. बायको म्हणायची, आटले. मी म्हणायचो, पाळी माझी नाही. तिघांपैकी कोणाचं खरं होतं ते आज सांगता येईल. पण ज्याला ऐकवायचं तो नाही.

झडती म्हणजे काय ते आधी सांगतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात पोळ्याच्या दिवशी बैल रंगवून, झुली घालून गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या मैदानात, आणतात. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखाली जोड्या रांगेनं उभ्या राहतात. तोरण तुटून बैल पळेपर्यंत माणसं एकमेकांवर ओळी टाकतात. चार ओळी, आणि शेवटी महादेवाचा गजर. हीच झडती. एका बाजूनं टाकायची, दुसऱ्या बाजूनं जवाब द्यायचा. जवाब यायच्या आधी दुसरी टाकायची नाही. कोणी टाकलीच तर समोरून आवाज यायचा, "काबे, घाई लागली का? जा मंग नाल्यावर!" आणि सारं आखर हसायचं.

तीन ओळी नुसती वाट करून देतात. चौथी ओळ म्हणजे टोला. म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी एक रीत घालून दिली होती. पोळ्याआधी गोठ्यात, बांधावर सराव करायचा तर तीनच ओळींचा. चौथी तोरणाआधी तोंडातून काढायची नाही. काढली की शिळी झाली. वारा नेतो, समोरच्याच्या कानावर घालतो. मी कधी बायकोसमोरही काढली नाही. त्यानंही काढली नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तो म्हणजे माझा साळा. बायकोचा थोरला भाऊ. पण साळा तो नंतर झाला. आधी तो वरच्या मोहल्ल्याचा आणि मी खालच्या. रोहण्याच्या अलीकडे आमचं गाव, तोरण दोन्ही मोहल्ल्यांच्या मधात. वरून तो बोलायचा, खालून मी. मी चौथी पास, तो सातवी. तीन इयत्तांचा फरक त्यानं मला जन्मभर विसरू दिला नाही. पण झडतीत इयत्ता चालत नाही. तिथं मी त्याला पाणी पाजलं आहे, आणि त्यानं मलाही पाजलं आहे, हे खोटं कशाला बोलू.

त्याच्या बहिणीशी माझं लग्न झालं त्या वर्षीची त्याची झडती गावात पुढं कितीतरी वर्षं म्हणत असत.

वांग्याच्या वाडीत शिरलं जनावर,
घेऊन गेलं आमची बहीण बरोबर.
खायाले भाकर, प्यायाले ताक,
जावई आमचा, पण रंगानं राख!

मी काळाच आहे. सारं आखर माझ्याकडं पाहून हसलं, बैलसुद्धा हसले असतील. जवाब मी तिथल्या तिथं दिला, पण तो इथं लिहिण्यासारखा नाही. संध्याकाळी तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जावईबुवा, चौथी बाकी जबर मारली बे तू." असं तो एकदाच म्हणाला. मी तेही म्हटलं नाही कधी त्याला.

नव्वदच्या पुढं भावाभावांत वाटण्या झाल्या. माझ्या वाट्याला जी पट्टी आली तिच्यात वखर फिरवायलाही जागा पुरेना. वाडी गेली, वांगी गेली, सांभार, म्हणजे कोथिंबीर, तोही गेला. मी बैल विकले आणि सेलूला येऊन दुकान टाकलं. बी-बियाणं, कासरे, वेसणी, घुंगरू. पोळ्याच्या आधी बेगड आणि झुली. दुसऱ्यांचे बैल सजवायचं सामान मी विकू लागलो.

ज्याच्या हाती बैल नाही त्यानं तोरणाखाली उभं राहायचं नाही, बाजूला बसून पाहायचं. पहिल्या वर्षी मी जाणारच नव्हतो. त्याचा निरोप आला. "बिन बैलाचा असला तरी येजो. मायी एक जोडी तुह्या हाती देतो." मी गेलो. त्यानं खरंच आपल्या दोन जोड्यांपैकी एक जोडी खालच्या मोहल्ल्यात आणून माझ्या हाती कासरा दिला, आणि मग वर जाऊन माझ्यावरच झडती टाकली. असं काही वर्षं चाललं. दरसाल निरोप यायचा, दरसाल मी जायचो.

मग एका वर्षी निरोप आला नाही. तो विसरला, की त्याला वाटलं आता निरोप कशाला, येतेच आपणहून, देव जाणे. मी पिशवी भरून ठेवली होती. पोळ्याच्या सकाळी बायको म्हणाली, "आवो, निघा ना." मी म्हटलं, "बोलावणं कुठी हाय?" तिनं पिशवी रिकामी केली. त्यानंतर निरोपही नाही आणि जाणंही नाही. आमचं भांडण झालंच नाही. भांडण झालं असतं तर कोणीतरी मिटवलं असतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलगी वर्ध्याला शाळेत शिकवायला लागली होती, तिच्या घरी कॉम्प्युटर आला होता. रविवारी मी तिच्याकडं जायचो. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुमी झडत्या सांगा, मी टाइप करते. तुमचा ब्लॉग काढू."

"तो काय असते?"

"आपलं लिहिलेलं तिथं ठेवाचं. कोणीबी वाचते. साऱ्या दुनियेत."

"दुनियेले काय करायचं माह्या झडत्यांचं? समोरच्याले जवाब देता येते का तिथं?"

"येते ना. खाली जागाच असते जवाबाची."

बस. मला तेवढंच पाहिजे होतं. बिन बैलाच्या माणसाला उभं राहता येईल असं तोरण मुलीनं मला दाखवलं होतं. पोळा तोंडावर आला होता. मी तिच्या खुर्चीच्या मागं उभा राहिलो, कासरा धरल्यासारखी मूठ आवळली, आणि आखरावर टाकतात तशी मोठ्यानं टाकली. शेजारची बाई दारात येऊन पाहून गेली.

आभाळ पाह्यलं, ढग नाई दिसला,
वरचा मोहल्ला गोठ्यात जाऊन बसला.
शिंगाले रंग, पाठीवर झूल,
बोलाले उभा केला तर तोंडात धूळ!

मुलीनं टाइप केली. गजरही टाइप केला. मी म्हटलं, झालं, आता थांबायचं.

पुढच्या रविवारी गेलो तर खाली तीन-चार जणांनी लिहिलं होतं. कोणी 'छान', कोणी 'वा, गावची आठवण आली'. मी मुलीला म्हटलं, "छान हा काही जवाब आहे का? तोरणाखाली कोणी छान म्हणते का?" ती म्हणाली, "बाबा, लोकं कौतुक करून राह्यले." मला कौतुक नको होतं. मला वरचा मोहल्ला पाहिजे होता.

भाऊबीजेला बायको माहेरी निघाली तेव्हा मुलीनं ती झडती कागदावर काढून तिच्या पिशवीत टाकली. मी पाहिलं, कागद काढून घेतला नाही. ती परत आली. मी दुकानातून उठलो नाही. तीच पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभी राहिली.

"विचारत काऊन नाई?"

"काय विचारायचं?"

"वाचली त्यानं. हसला. ऊर भरून हसला. म्हणे, जवाब हाय मायाजवळ. पण जवाब तोरणाखाली भेटते, म्हणा. कागदावर नाई, अन् त्या डब्यावर नाई."

"या म्हटलं का त्यानं?"

"तोरणाखाली भेटते म्हणजे या असंच नाई का ते?"

"म्हणजे-बिणजे जाऊ दे. या म्हटलं का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "तसं नाई म्हटलं," ती म्हणाली.

"मंग? मी चारचौघात टाकली. चारचौघात जवाब आला पायजे."

"एका दावणीचे बैल हाय तुमी दोघं," ती म्हणाली. "एक उठल्याशिवाय दुसरा उठत नाई, अन् पहिला कोणी उठत नाई. राहा बसून शेणात." तांब्या तिथंच ठेवून गेली.

मी बसून राहिलो. मुलगी दर रविवारी विचारायची, "बाबा, दुसरी?" मी म्हणायचो, जवाब नाई आला. तिला वाटायचं मी बहाणा करतो. तिनं कॉम्प्युटरवर वाचून काढलं की लिहिणाऱ्यांचं असं होतंच, त्याला इंग्रजीत नावही आहे, आणि त्याला इलाज आहेत. इलाज ती मला सांगू लागली, पथ्यपाणी सांगतात तसे. रोज एकाच वेळी बसायचं. चांगलं-वाईट पाहायचं नाही, जे येईल ते लिहायचं. फिरून यायचं आणि लिहायचं. खिडकीतून दिसते त्या एका झाडाबद्दल लिहायचं.

"झाडाबद्दल काय लिहू? झाड जवाब देते का?"

"बाबा, सगळं लिहिणं जवाबासाठी नसते."

"मंग कायले असते?"

तिनं कॉम्प्युटर बंद केला. मास्तरीण हरली, म्हणून मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आता वाटत नाही.

तरी तिच्या समाधानासाठी इलाज करून पाहिले. सकाळी दुकान उघडायच्या आधी वही घेऊन बसलो. आज दुकान उघडलं, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशीही दुकानच उघडलं होतं, तेच लिहिलं. फिरून आलो. पाय दुखले, तेवढंच लिहिलं. त्या वहीत पुढं बायकोनं रेघा ओढून वड्या मोजल्या.

पुढचा पोळा आला. मी बेगड विकत होतो. आर्वीकडच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काका, तुमच्या गावचा पोळा मोठा असते म्हणते. जात नाई का?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक सोडून कसा जाऊ?" दुपारी तोरणाच्या वेळेला दुकानात चिटपाखरू नव्हतं. सारे आपापल्या गावच्या आखरावर गेले होते. मी गल्ल्यामागं बसून होतो.

त्याच हिवाळ्यात एक गोष्ट घडली आणि माझी चांगली जिरली. बाजूच्या दुकानदाराच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडं पंगतीत, वरातीत चार ओळी म्हणायची पद्धत आहे, आणि त्या ओळी साऱ्या सेलूत माझ्याच घेत असत. तो आला, म्हणाला, "काका, व्याह्याची मस्करी पायजे. कडक." मी म्हटलं, संध्याकाळी ने. इथं कोणाच्या जवाबाची वाट पाहायची नव्हती, पाळीचा प्रश्न नव्हता. बसलो. पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरी आली. चौथी आली नाही.

दिवसभर आली नाही. जुळणारे शब्द येत होते, ढिगानं. टोला येत नव्हता. समोर तो व्याही उभा करून पाहिला. मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. टोला मारायचा तर समोरचं अंग माहीत पाहिजे, कुठं लागते आणि कुठं गुदगुल्या होतात ते माहीत पाहिजे. तसा माणूस मला एकच माहीत होता. संध्याकाळी तो दुकानदार आला तेव्हा मी डोकं दुखते असं सांगितलं. वाडी करणाऱ्याला हे आधीच कळायला पाहिजे होतं. विहीर उपसली नाही तर पाणी वाचत नाही. गाळ बसतो, झरे बुजतात. मी समजत होतो की मी पाणी राखून राहिलो.

त्या रात्री बायकोला म्हटलं, "येत्या पोळ्याले जाऊ का?" तिनं कूस बदलली. "बोलावणं येऊ द्या ना," ती म्हणाली. माझंच वाक्य मला दिलं. जातो म्हणालो असतो तर ती त्याच घडीला उठून पिशवी भरायला बसली असती, हे मला ठाऊक होतं.

उन्हाळा सरता सरता वहिनीचा, म्हणजे साळ्याच्या बायकोचा, फोन आला. त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणला आहे.

आजाऱ्याच्या घरी जायला बोलावणं लागत नाही. आम्ही दोघं त्याच दिवशी निघालो. बसमध्ये बायको खिडकीकडं तोंड करून बसली होती.

तो ओसरीत खाटेवर होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डोळे मात्र तेच. मला पाहून त्याच्या डोळ्यांत जे आलं ते रडू नव्हतं. तोरणाखाली मी समोर आलो की यायचं, तेच होतं. त्यानं तोंड उघडलं. नुसता घोगरा आवाज निघाला, लाळ गळली. वहिनीनं पुसली. त्यानं पुन्हा उघडलं. मी म्हटलं, "राहू दे बे. पोळ्याले म्हणजो." हे मी काय बोललो, ते बोलल्यावर मला कळलं.

त्यानं डावा हात उचलला आणि खाटेच्या लाकडी कडेवर ठोके मारू लागला. झडतीच्या चालीत. एक ओळ, दोन ओळी, तीन ओळी. मग थांबला, माझ्याकडं पाहिलं, आणि चौथी ठोकली. शेवटचा ठोका असा जोरात मारला की बायको दचकली.

वहिनी म्हणाली, "तुमाले जवाब देऊन राह्यले ते. गेल्या दोन सालांपासून संध्याकाळी गव्हाणीजवळ उभं राहून म्हणत. मले पाठ झाला."

"सांगा," मी म्हटलं.

तिनं सांगितला. बाईमाणूस, लाजत, पदर तोंडावर धरून.

दुकान मांडलं सेलूच्या चौकात,
तराजू हातात, जीव पण गावात.
बैल इकून घेतली काचेची पेटी,

"अन् चौथी?"

"चौथी नाई म्हणत ते. तिथं बैलाच्या पाठीवर थाप मारत अन् हसत. म्या विचारलं एकडाव. म्हणे, ते तोरणाखाली."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत होता, कशी लागली असं विचारत असल्यासारखा. मी खाटेजवळ वाकलो, कान त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं जीव लावून म्हटली. मला एक अक्षर समजलं नाही. पण मी हसलो. चौथी लागल्यावर समोरचा हसतो तसा मोठ्यानं हसलो, आणि म्हटलं, "जबर मारली बे." जन्मात पहिल्यांदा म्हटलं. त्याला समाधान झालं असावं. त्यानं डोळे मिटले.

पोळ्यापर्यंत तो राहिला नाही.

तेरवी झाल्यावर मी मुलीकडं गेलो आणि त्याच्या तीन ओळी तिला सांगितल्या. तिनं टाइप केल्या. म्हणाली, "चौथी तुमी करा, बाबा. तुमाले एका मिनिटाचं काम."

"माहा मोहल्ला नाई तो," मी म्हटलं. "रिकामी ठेव. जागा सोड अन् खाली गजर टाक."

तिनं जागा सोडली. मग ती उठायला लागली तर मी म्हटलं, बस. जवाब आला होता, आता पाळी माझी होती. त्या दिवशी मी ओळी नाही टाकल्या, साधं बोललो, तो कासरा घेऊन वरून खाली कसा यायचा ते. ती टाइप करत गेली. संध्याकाळ झाली, तिच्या घरच्यांचा चहा दोनदा थंड झाला. त्यानंतर दर रविवारी मी सांगतो आणि ती लिहिते. अडत नाही. मुलीला वाटते तिच्या इलाजांपैकी एखादा लागू पडला.

मी चुकलो असं मी म्हणणार नाही. जवाब आल्याशिवाय दुसरी टाकायची नाही, ही रीत आहे, आणि मी ती पाळली. चौथी तोरणाआधी काढायची नाही, ही रीत आहे, ती त्यानं पाळली. दोघंही बरोबर होतो. मधात एक बस जात होती, सकाळी निघालं तर तोरणाच्या आधी पोचवणारी.

लोक आता ब्लॉगवर चौथ्या ओळी पाठवतात. काही चांगल्या असतात. मी एकही लावू देत नाही. पेटीला काय काय जुळते हे मलाही येतं. रेटी जुळते, खेटी जुळते. बैल विकून पेटी घेतली आणि आता कोणाला रेटतो, असा टोला असेल. त्याला तो शोभला असता. भेटीही जुळते. तसं असेल तर ते बोलावणं होतं, आणि ते त्यानं दोन वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं, मी समोर येईपर्यंत.

बायकोला वाचता येत नाही. मधून मधून ती म्हणते, दादाची वाचा. मी तीन ओळी वाचतो आणि थांबतो.

परवा ती म्हणाली, "बोलावलंच होतं त्यानं तुमाले."

"कायवरून?"

"तो तुमच्यावाणी नव्हता," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली.